वाढ थांबते, वाढीचं हार्मोन थांबत नाही

बोटातली अंगठी एक दिवस निघेनाशी होते. साबण लावून कशीबशी ओढून काढावी लागते. माणूस म्हणतो, वजन वाढलंय. दोनेक वर्षांनी नेहमीच्या मापाचे बूट चावायला लागतात, पण एक माप मोठं घेतलं की काम भागतं. मग कधीतरी दाताचे डॉक्टर विचारतात, खालच्या दातांमध्ये या फटी पूर्वीपासून आहेत का? एव्हाना घोरणं वाढलेलं असतं, घाम फार येत असतो, रक्तदाब आणि साखर दोन्ही वर सरकलेली असतात आणि प्रत्येक तक्रारीची वेगळी गोळी सुरू झालेली असते. शेवटी एखादा चाणाक्ष डॉक्टर म्हणतो, "दहा वर्षांपूर्वीचे फोटो असतील तर घेऊन या." जुना फोटो आणि आजचा चेहरा शेजारी शेजारी आला की मग दिसतं: नाक रुंद झालंय, भुवयांवरचं हाड पुढे आलंय, हनुवटी लांबलीय. घरच्यांच्या ते लक्षात आलेलं नसतं, कारण बदल झाला तो केसाकेसाने.

या आजाराला ॲक्रोमेगाली म्हणतात. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका, म्हणजे पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यात एखादी गाठ होते, बहुतेक वेळा कर्करोगाची नसलेली, आणि ती वाढीचं हार्मोन भरमसाट सोडत राहते. आजार दुर्मीळ आहे, त्यामुळे हे वाचून लगेच अंगठी तपासायची गरज नाही. मी त्याच्यापासून सुरुवात केली ती एका प्रश्नासाठी. अंगात वाढीचं हार्मोन एवढं उतू चाललंय, तर हा माणूस उंच का होत नाही?

कारण उंची वाढवायची जागाच आता बंद झालेली असते. लहानपणी लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेच्या पट्ट्या असतात, हाड लांब होतं ते तिथे. वयात येण्याच्या काळात या पट्ट्यांचं हळूहळू हाड बनतं आणि हाडाची लांबी कायमची ठरते. त्यानंतर हार्मोन कितीही ओता, हाड जाड होईल, जबडा पुढे येईल, तळवे पसरतील, पण उंची बोटभरही वाढणार नाही. पंचविशीनंतर उंची वाढवून देणाऱ्या पावडरी विकणाऱ्यांना हे ठाऊक नसतं असं मला वाटत नाही.

या पट्ट्या बंद कोण करतं, याचं उत्तर मजेशीर आहे. मुलग्यांमध्ये हे काम टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं असणार, असा आपला समज असतो. १९९४ साली एका पुरुषाची केस प्रसिद्ध झाली. वय २८, उंची २०४ सेंटीमीटर, आणि अजून वाढतच होता. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं. बिघाड होता तो इस्ट्रोजेनचा निरोप ऐकणाऱ्या यंत्रणेत. 'बायकांचं हार्मोन' म्हणून आपण ज्याला ओळखतो, ते पुरुषाच्या शरीरातही टेस्टोस्टेरॉनपासून तयार होतं आणि हाडांच्या पट्ट्या तेच बंद करतं. या माणसाची हाडं लांब होती तशीच ठिसूळही होती. म्हणजे पुरुषाची हाडं भक्कम ठेवण्यातही त्याच इस्ट्रोजेनचा हात असतो.

मग उंची थांबल्यावर वाढीच्या हार्मोनला काम काय उरतं? डागडुजीचं. स्नायूंमध्ये प्रथिनं भरणं, उपाशी काळात चरबी जाळायला काढणं, हाडांची झीज भरून काढणं. पीयूषिकेच्या ऑपरेशननंतर ज्यांच्यात ते बनेनासं होतं, त्यांचं पोट सुटतं, स्नायू उतरतात, थकवा पाठ सोडत नाही. अशा माणसांना ते बाहेरून देणं हा रीतसर उपचार आहे.

हे हार्मोन नळासारखं सतत वाहत नाही, ते झोतांनी येतं. सगळ्यात मोठा झोत साधारणपणे रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत. दिवसा मधल्या वेळात रक्तात ते जवळपास सापडतच नाही. म्हणून 'ग्रोथ हार्मोन किती आहे बघू' म्हणून सकाळी अकरा वाजता रक्त दिलं, तर आलेल्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. डॉक्टर त्याऐवजी आयजीएफ-१ हे दुसरं हार्मोन बघतात. वाढीच्या हार्मोनच्या सांगण्यावरून यकृत ते तयार करतं आणि त्याची पातळी दिवसभर बरीच स्थिर असते. वय वाढतं तशी गाढ झोप कमी होते, झोतही बारीक होत जातात. साठीत ते विशीच्या मानाने बरेच क्षीण झालेले असतात.

वीस वर्षं मागे?

इथेच काही लोकांचे कान टवकारले. तरुणपणी जास्त, म्हातारपणी कमी, तर मग भर घातली की झालं!

१९९० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये डॅनियल रुडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटासा अभ्यास आला. साठी ओलांडलेल्या १२ पुरुषांना सहा महिने, आठवड्यातून तीनदा, वाढीच्या हार्मोनची इंजेक्शनं दिली होती. चरबी वगळून उरणारं वजन ८.८ टक्क्यांनी वाढलं आणि चरबी १४.४ टक्क्यांनी घटली. वय वाढताना दहा-वीस वर्षांत शरीराच्या घडणीत जेवढा फरक पडतो, तेवढा हा उलट दिशेने पडला, असं लेखकांनी लिहिलं. अभ्यास प्रामाणिक होता. पण त्यातलं हे एक वाक्य बाहेर पडलं आणि त्यावर तारुण्य विकणारा एक अख्खा धंदा उभा राहिला. बारा माणसं आणि सहा महिने, एवढ्या भांडवलावर.

पुढच्या अभ्यासांत चित्र स्पष्ट होत गेलं. स्नायूंचं वजन थोडं वाढतं, पण ताकद त्या हिशेबात वाढत नाही. सांधे दुखतात, पायांवर सूज येते, मनगटात नस दाबली जाऊन बोटांना मुंग्या येतात, साखर वर जाते. ही यादी ओळखीची वाटत असेल, कारण सौम्य प्रमाणातली ती ॲक्रोमेगालीचीच यादी आहे. पैसे मोजून घेतलेली.

गंमत म्हणजे हेच नाटक शंभर वर्षांपूर्वी एकदा होऊन गेलं होतं. १८८९ साली पॅरिसमध्ये शार्ल ब्राउन-सेकार या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने जाहीर केलं, की कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क टोचून घेतल्यावर आपल्याला तरुण झाल्यासारखं वाटतंय. तेव्हा त्याचं वय होतं ७२. अर्क पाण्यात काढलेला, आणि टेस्टोस्टेरॉन पाण्यात नीट विरघळतच नाही. म्हणजे सुईतून बहुतेक गेला तो विश्वास. तरी तो अर्क घ्यायला लोकांची रीघ लागली.

प्राण्यांमध्ये तर गोष्ट थेट उलटी दिसते. एम्स ड्वार्फ नावाच्या उंदरांच्या जातीत जन्मतःच वाढीचं हार्मोन नसतं, आणि ते आपल्या भाऊबंदांपेक्षा जास्त जगतात. छोट्या जातीचे कुत्रे दांडग्या जातीच्या कुत्र्यांहून जास्त वर्षं जगतात, हे कुत्रे पाळणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. त्यांच्या लहान आकारामागे ज्या जनुकांचा हात आहे, त्यांतलं एक आयजीएफ-१चंच. आणि माणसांत? दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरमध्ये लॅरॉन सिंड्रोम हा जन्मजात आजार असलेल्या लोकांचा मोठा गट आहे. ही माणसं फार बुटकी असतात. हाइमे गेवारा-आगिरे या डॉक्टरने त्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांच्यात मधुमेह आढळला नाही, कर्करोग जवळपास नाहीच. नातेवाइकांमध्ये मात्र दोन्ही होते. त्यांचं आयुष्य काही लांबलं नाही, अपघात आणि इतर कारणांनी ती माणसं जातच होती. पण 'हे हार्मोन म्हणजे तारुण्य' या समीकरणाला त्यांनी सुरुंग लावला तो लावलाच.

या लोकांच्या रक्तात वाढीचं हार्मोन कमी असेल, असं तुम्हाला वाटलं असेल. ते भरपूर असतं, अनेकदा गरजेपेक्षा जास्त.

निरोप आणि तो ऐकणारा

१९०५ साली अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने 'हार्मोन' हा शब्द वापरात आणला, ग्रीकमधल्या 'चेतवणं' अशा अर्थाच्या क्रियापदावरून. आपल्याकडचा 'संप्रेरक' त्याच धाटणीचा. हार्मोन स्वतः काही बांधत नाही, जाळत नाही. ते सांगावा घेऊन जातं. एका ग्रंथीतून निघतं, रक्तातून साऱ्या शरीरभर फिरतं, आणि ज्या पेशीच्या दारात त्याचा निरोप घेणारा रिसेप्टर असेल तिथेच त्याचं म्हणणं ऐकलं जातं. बाकीच्या पेशींच्या दारावरून ते तसंच पुढे जातं. प्रमाण किती, तर रक्ताच्या एका मिलिलीटरमध्ये ग्रॅमचा अब्जावा हिस्सा, काहींचं त्याच्याही हजारपट कमी. एवढ्याशा मालात ताकद भरलेली नसते, फक्त मजकूर असतो.

इक्वेडोरच्या त्या माणसांत निरोप निघतो, पण घेणाऱ्याचे कान जन्मापासून बंद असतात. त्या २०४ सेंटीमीटरच्या माणसाचंही तेच झालं होतं.

आपल्यापैकी पुष्कळांच्या शरीरात याची सौम्य आवृत्ती चालू असते. जेवल्यावर रक्तात साखर चढते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, आणि इन्सुलिन स्नायूंना सांगतं की दार उघडा, साखर आत घ्या. पोटाचा घेर वाढला, बैठं काम वाढलं की स्नायू ऐकेनासे होतात. मग स्वादुपिंड आवाज चढवतं. दुप्पट इन्सुलिन, तिप्पट इन्सुलिन. या आरडाओरडीच्या जोरावर उपाशीपोटीची साखर वर्षानुवर्षं नॉर्मल येत राहते आणि माणूस रिपोर्ट फाइलमध्ये ठेवून निर्धास्त होतो. बाहेर एखादीच खूण दिसते: मानेच्या मागे, काखेत कातडी काळपट आणि मखमलीसारखी जाड होते. लोक तिला मळ समजून घासत बसतात. स्वादुपिंड दमलं की मग साखर दिसायला लागते, तोवर बराच काळ उलटलेला असतो.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. चालताना, जिना चढताना, वजन उचलताना जो स्नायू काम करत असतो तो इन्सुलिनच्या निरोपाची वाट बघत नाही, स्वतःच दार उघडून साखर आत ओढतो. वय वाढतं तसे स्नायू घटतात, म्हणजे साखर ठेवायची कोठारंच कमी होतात. वयाबरोबर साखर वाढण्यामागचं हे एक मोठं कारण. म्हणून साठीनंतरच्या माणसाला मी चालण्याइतकाच वजनं उचलण्याचा आग्रह धरतो.

लेप्टिनचंही असंच. १९९४ साली ते सापडलं तेव्हा लठ्ठपणावर औषध मिळालं असंच सगळ्यांना वाटलं, कारण 'चरबी पुरेशी आहे, आता खाणं थांबव' हा निरोप मेंदूला तेच देतं. पण बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर निघालं. मेंदू ते मनावर घेत नव्हता.

उलट टपाल

निरोपाला उत्तरही येतं, आणि थायरॉइडचा रिपोर्ट वाचताना लोकांची गल्लत होते ती इथेच. "माझा थायरॉइड वाढलाय, टीएसएच बारा आलाय," असं सर्रास म्हटलं जातं. टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नाही. पीयूषिकेने थायरॉइड ग्रंथीला धाडलेली ती ताकीद आहे: काम वाढव. टीएसएच बारा असेल तर थायरॉइड सुस्त पडलाय आणि वरून तगादा लागलाय, असा त्याचा अर्थ. थायरॉइडने पुरेसा माल दिला की उलट टपाली खबर पोचते आणि तगादा थांबतो, टीएसएच खाली येतो. थायरॉइड अति काम करत असेल तर टीएसएच जवळजवळ शून्यावर जातो. सांगायची गरजच उरलेली नसते.

थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन म्हणजे टी४. गोळीच्या रूपात तेच दिलं जातं, आणि ते रक्तात फार रेंगाळतं. निम्मं व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात. म्हणून डोस बदलल्यावर पुढच्याच आठवड्यात तपासणी करून हाती काही लागत नाही, सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं. गोळी उपाशीपोटी घ्यायची, नुसत्या पाण्याबरोबर. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिला आतड्यात अडवून धरतात, म्हणून त्यांच्यात आणि हिच्यात चार तासांचं अंतर. डोस वाढवत वाढवत नेऊनही टीएसएच उतरत नाही, तेव्हा पुष्कळदा दोष सकाळी एकदम गिळलेल्या त्या मूठभर गोळ्यांचा असतो.

आणि वयाचं काय? उतारवयात टीएसएच थोडा वर सरकणं हे अनेकदा वयाला धरूनच असतं. २०१७ साली पासष्टीपुढच्या ७३७ जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या लोकांचा टीएसएच किंचित वाढलेला, पण टी४ नॉर्मल होता. निम्म्यांना खरी गोळी दिली, निम्म्यांना खोटी. खऱ्या गोळीने टीएसएच उतरला, थकवा मात्र दोन्ही गटांत सारखाच राहिला. आकडा सुधारला, माणसाला फरक पडला नाही.

पाळी जाते तेव्हा

आत्तापर्यंतचे सगळे उतार हळूहळूचे होते. बायकांमध्ये इस्ट्रोजेन मात्र असं जिन्याने उतरत नाही, साधारण ४५ ते ५५ या वयात ते कड्यावरून कोसळतं. त्याआधीची काही वर्षं तर वरखाली हेलकावे. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं म्हणतात, पण त्रास त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो.

अंगातून अचानक वाफा निघतात, कान तापतात, घामाने उशी भिजते, आणि पाच मिनिटांनी थंडी वाजते. हे मनाचे खेळ नाहीत. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी जागा एरवी थोडाफार चढउतार खपवून घेते. इस्ट्रोजेन गेलं की तिची ही सहनशीलता फार आकसते, आणि अंग जरासं तापलं तरी ती घाबरून सगळी दारंखिडक्या उघडते. 'वय झालं, चालायचंच' म्हणून ज्या बाईची बोळवण केली जाते, तिला निदान हे तरी कुणीतरी समजावून सांगायला हवं.

डोळ्यांना न दिसणारा परिणाम हाडांवर होतो. हाड सतत खोदलं जातं आणि सतत भरलं जातं. खोदणाऱ्या पेशींना लगाम घालायचं काम इस्ट्रोजेन करतं. लगाम सुटला की पहिल्या काही वर्षांत हाडं झपाट्याने विरळ होतात, आणि बाईला ते कळतं थेट मनगट मोडल्यावर.

मग बाहेरून हार्मोन द्यावं का? इथे एक मोठा गोंधळ होऊन बसलाय. २००२ साली अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अभ्यासाचा एक भाग मध्येच थांबवला गेला. १६,६०८ बायका, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध) एकत्र. स्तनांचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या वाढलेल्या दिसल्या. जगभर बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. स्तनांच्या कर्करोगातली वाढ वर्षाला दर दहा हजार बायकांमागे आठ एवढी होती, आणि त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३, या दोन गोष्टी मथळ्यांत आल्या नाहीत. आज साधारण मत असं आहे, की साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत, त्रास खरोखर जास्त असेल आणि स्तनांचा कर्करोग, गुठळ्या, हृदयविकार असा काही इतिहास नसेल, तर फायद्याचं पारडं जड पडू शकतं. माझ्या मते २००२ नंतरची भीती जितकी बेहिशेबी होती, तितकाच 'प्रत्येकीने घ्यावं' हा अलीकडचा उत्साहही बेहिशेबी आहे.

पुरुषांत असा कडा नाही. टेस्टोस्टेरॉन चाळिशीनंतर वर्षाला एखाद्या टक्क्याने उतरतं, आणि बऱ्याच जणांत खरा घसारा वयापेक्षा पोटामुळे होतो. वजन उतरलं की आकडा आपोआप चढतो. तपासणी सकाळीच, आणि एकदा कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, कारण संध्याकाळचा आकडा निरोगी माणसातही खाली असतो. मूल हवंय अशा तरुणाने व्यायामशाळेतल्या कुणाच्या सांगण्यावरून इंजेक्शन घेणं हा तर शुद्ध आत्मघात. बाहेरून माल आलाय हे पीयूषिकेला कळतं, ती वृषणांना निरोप धाडायचा बंद करते आणि शुक्रजंतू तयार होणंही थांबतं.

हाच उलट टपालाचा कायदा स्टेरॉइडच्या गोळ्यांना लागू आहे, आणि तिथे तो जिवावर बेतू शकतो. या गोळ्या कॉर्टिसॉल या शरीरातल्याच हार्मोनचं काम करतात. कॉर्टिसॉल पहाटे चढतं, मध्यरात्री तळाला जातं. ताण, ताप, ऑपरेशन अशा वेळी शरीर त्याच्यावर तगून राहतं. स्टेरॉइडची गोळी अनेक आठवडे घेतली की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं सोडून देतात. बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंद केली, तर शरीराकडे ना आतलं उरतं ना बाहेरचं. रक्तदाब कोसळतो. म्हणून डोस पायरीपायरीने, डॉक्टरांच्या हिशेबाने उतरवायचा.

हल्ली एकाच वेळी वीस-पंचवीस हार्मोन्सची तपासणी करून देणारी पॅकेजेस मिळतात. रिपोर्टमध्ये कुठेतरी लाल अक्षर निघतंच, आणि मग त्या अक्षराचा आजार शोधणं सुरू होतं. त्यातली एक फसगत हमखास लक्षात ठेवण्यासारखी. केस आणि नखांसाठी म्हणून ज्या गोळ्या घेतल्या जातात त्यांत बायोटिन असतं, पुष्कळदा मोठ्या डोसमध्ये. रक्त तपासण्याच्या काही पद्धतींत यंत्र बायोटिनचाच वापर करतं, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की यंत्र चकतं. टीएसएच खोटाच कमी येतो आणि टी४ खोटंच जास्त. धडधाकट बाई कागदावर थायरॉइड भडकलेली पेशंट ठरते. केस गळतात म्हणून तिने गोळी घेतलेली असते, केस गळण्याचं कारण थायरॉइड तर नाही ना म्हणून तपासणी केलेली असते, आणि तपासणी बिघडवते तीच गोळी. तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी ती बंद ठेवायची, आणि रक्त घेणाऱ्याने विचारलं नाही तरी आपण होऊन सांगायचं.